नवा हँडहेल्ड कन्सोल घेताना जुन्या खेळांचे काय?

टीव्हीला जोडायचा गेमिंग कन्सोल बदलणे आणि हातात धरून खेळायचा कन्सोल बदलणे या गोष्टी वरकरणी सारख्या वाटल्या, तरी व्यवहारात त्यांत बराच फरक आहे. टीव्हीखालचा जुना कन्सोल नवा आल्यावरही कपाटात राहतो आणि वाटेल तेव्हा पुन्हा लावता येतो. हातातला कन्सोल मात्र बहुधा विकला जातो, धाकट्या भावंडाकडे जातो, किंवा ड्रॉवरमध्ये पडून त्याची बॅटरी कायमची निकामी होते. त्याच्याबरोबर त्यावर विकत घेतलेले खेळ आणि त्या खेळांत शेकडो तास खर्चून केलेली प्रगतीही जाते. नव्या उपकरणाच्या जाहिरातीत पडद्याचा आकार आणि प्रोसेसरचा वेग ठळक अक्षरांत असतो. ग्राहकाजवळच्या संग्रहाचे पुढे काय होणार, ही माहिती त्याला स्वतःच शोधावी लागते.

निन्टेंडो कंपनीचा स्विच २ हा कन्सोल ५ जून २०२५ रोजी बाजारात आला आणि पहिल्या चार दिवसांतच त्याच्या ३५ लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. मूळ स्विच २०१७ चा. त्याची जगभरातील विक्री १५ कोटींच्या पुढे गेलेली असल्याने जुना देऊन नवा घ्यावा काय, हा प्रश्न एकाच वेळी कोट्यवधी घरांत उभा राहिला. भारतात त्यास आणखी काही पदर आहेत, त्यांचा विचार पुढे येईलच.

बाजारात काय आहे

सध्याच्या हँडहेल्ड कन्सोलांची ढोबळमानाने तीन घराणी पडतात. पहिले निन्टेंडोचे. यात कंपनीने परवानगी दिलेले खेळच चालतात, ते त्या कंपनीच्या दुकानातून किंवा कार्ट्रिजच्या रूपात घ्यावे लागतात, आणि मारिओ, झेल्डा, पोकेमॉन हे खेळ अन्यत्र मिळत नाहीत. दुसरे घराणे हातात मावणाऱ्या संगणकांचे. व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ मध्ये ३९९ डॉलरपासून पुढच्या किमतीत आला. असूसचा आरओजी अ‍ॅलाय २०२३ मध्ये आला आणि त्याच वर्षी जुलैत भारतातही ६९,९९० रुपयांना अधिकृतपणे विकला जाऊ लागला. तिसऱ्या घराण्यात सोनीच्या प्लेस्टेशन पोर्टलसारखी उपकरणे येतात. ती दिसतात कन्सोलसारखी, पण त्यांवर खेळ साठवून खेळता येत नाही. घरच्या प्लेस्टेशन ५ वर किंवा दूरच्या सर्व्हरवर चाललेला खेळ ती वाय-फायवरून फक्त दाखवतात. कोकण रेल्वेच्या बोगद्यांत त्यांचा काही उपयोग नाही, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

याखेरीज जुन्या खेळांची नक्कल चालवणारे स्वस्त चिनी कन्सोल ऑनलाइन दुकानांत विपुल मिळतात. १९९० च्या दशकात ज्यांनी फुटपाथवरचा '९९९९ इन १' ब्रिक गेम घेतला आणि घरी येऊन त्यात दहा-बाराच खेळ वेगवेगळ्या वेगाने फिरत असल्याचे पाहिले, त्यांना ही परंपरा परिचित आहे. आजच्या उपकरणांत हजारो खेळ खरोखरच असतात. मात्र सोबतच्या मेमरी कार्डावर भरून आलेले बहुतेक खेळ मूळ हक्कधारकाच्या परवान्याविना असतात, ही बाब ग्राहकाने समजून घेतलेली बरी.

या घराण्यांतील निवड खरे तर आपल्याजवळ आधी काय आहे यावर ठरते. ज्याने संगणकावर स्टीमच्या दुकानातून वर्षानुवर्षे खेळ घेतले आहेत, त्याला स्टीम डेकवर तोच संग्रह पुन्हा पैसे न देता मिळतो. सगळेच खेळ चालतात असे नाही. डेक विंडोजवर चालत नसून लिनक्सवर आधारलेल्या प्रणालीवर चालतो, आणि ऑनलाइन स्पर्धेतील फसवणूक रोखणाऱ्या काही खेळांच्या यंत्रणा तेथे काम करीत नाहीत. कोणता खेळ डेकवर कितपत चालतो याचे शेरे व्हॉल्व्ह स्वतः देते. ते खरेदीपूर्वी पाहता येतात आणि पाहावेत. याउलट ज्याच्या घरी स्विचची पंधरा कार्ट्रिजे आहेत, त्याने घराणे बदलले तर ती पंधराही कार्ट्रिजे रद्दीत जमा होतात.

मागचे खेळ पुढे चालतील काय

या बाबतीत निन्टेंडोचा इतिहास उद्बोधक आहे. १९८९ सालच्या गेम बॉयची कार्ट्रिजे १९९८ च्या गेम बॉय कलरवर चालत, आणि त्या दोन्हींची २००१ च्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर. म्हणजे बारा वर्षांपूर्वी घेतलेला 'टेट्रिस' नव्या यंत्रात घालून खेळता येई. २००४ च्या डीएसमध्ये खालच्या बाजूस गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या कार्ट्रिजसाठी खाच होती, परंतु त्याआधीच्या पिढीसाठी दार बंद झाले. २००८ मध्ये आलेल्या डीएसआय या सुधारित आवृत्तीतून ती खाचही गेली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, डीएसआय हे त्याच कुटुंबातील नवे आणि महाग यंत्र होते, तरीही त्याचा मालक जुन्या डीएस लाइटच्या मालकापेक्षा कमी खेळ खेळू शकत होता. २०११ च्या थ्रीडीएसवर डीएसचे खेळ चालले. २०१७ चा स्विच आला तेव्हा मात्र निन्टेंडोने मागचे सगळे दोर कापले. ना डीएसचे कार्ट्रिज, ना थ्रीडीएसचे.

सोनीची कथा याहून लहान आणि अधिक क्लेशदायक आहे. २००४ अखेरीस जपानमध्ये आलेल्या पीएसपीचे खेळ यूएमडी नावाच्या छोट्या तबकडीवर येत. २००९ मध्ये कंपनीने पीएसपी गो हा तबकडीविना कन्सोल आणला. तो आकाराने आटोपशीर होता, पण ज्यांच्याकडे तबकड्यांचा ढीग होता त्यांना त्याचा उपयोग शून्य. २०११ च्या व्हिटामध्येही यूएमडीला जागा नव्हती. त्यातच व्हिटाला सोनीचे स्वतःचे मेमरी कार्ड लागे, जे बाजारातील साध्या कार्डांच्या तुलनेत फार महाग पडे. पीएसपी भारतात अधिकृतपणे विकला गेला होता. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या अनेक घरांत त्या तबकड्या आजही असतील.

या पार्श्वभूमीवर स्विच २ चे धोरण उदार म्हणावे लागेल. मूळ स्विचचे बहुतेक सर्व खेळ, कार्ट्रिजवरचे आणि डाउनलोड केलेले असे दोन्ही, त्यावर चालतात. अपवाद खेळांपेक्षा उपसाधनांचे अधिक आहेत. 'रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर' या व्यायामाच्या खेळातील गोल कड्यात नवे जॉय-कॉन कंट्रोलर बसत नाहीत. त्यासाठी जुने जॉय-कॉन सांभाळून ठेवावे लागतात, आणि ते स्विच २ ला बिनतारी जोडता आले तरी त्यावर लावून चार्ज करता येत नाहीत. मूळ स्विचचा डॉकही नव्याला चालत नाही. जुना स्विच विकताना जॉय-कॉनसकट विकावा की त्याविना, हा निर्णय घरात रिंग फिट आहे की नाही यावर घ्यावा.

काही जुन्या खेळांच्या सुधारित 'स्विच २ आवृत्त्या' निघाल्या आहेत. ज्याच्याकडे मूळ खेळ आहे त्याला फरकाची रक्कम भरून त्या मिळतात. झेल्डा मालिकेतील दोन मोठ्या खेळांसाठी ती रक्कम १० डॉलरच्या आसपास, तर 'सुपर मारिओ पार्टी जंबोरी'सारख्या खेळांसाठी २० डॉलरच्या आसपास ठेवण्यात आली. 'सुपर मारिओ ओडिसी'सारख्या काही खेळांना मोफत सुधारणाही मिळाल्या. ज्या खेळांना असे काहीच मिळालेले नाही, ते हातात धरून खेळताना नव्या पडद्यावर किंचित मऊ, धूसर दिसू शकतात. ७२० ओळींचे चित्र १०८० ओळींवर ताणताना एका ठिपक्याच्या जागी दीड ठिपका बसवावा लागतो, आणि दीड ठिपका नावाची वस्तू अस्तित्वात नाही. त्यामुळे केवळ जुनेच खेळ खेळायचे असतील, तर माझ्या मते २०२१ चा ओएलईडी पडद्याचा स्विच डोळ्यांना अधिक सुखावह आहे.

कार्ट्रिज आणि डाउनलोड

डाउनलोड केलेला खेळ आपल्या मालकीचा असतो काय? व्यवहारात आपण विकत घेतो तो वापराचा परवाना. दुकान चालू आहे तोवर खेळ पुन्हा उतरवून घेता येतो. थ्रीडीएसचे ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजी नव्या खरेदीसाठी बंद झाले, आणि ८ एप्रिल २०२४ रोजी त्या कन्सोलवरील ऑनलाइन खेळही थांबले. सोनीने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ३, पीएसपी आणि व्हिटा यांची दुकाने बंद करण्याचे जाहीर केले होते. खेळाडूंनी इतका आरडाओरडा केला की पहिल्या आणि तिसऱ्या दुकानांना जीवदान मिळाले. पीएसपीवरील दुकान मात्र त्या वर्षी जुलैत बंद झालेच.

म्हणून कार्ट्रिजच घ्यावे, असा सल्ला अनेकदा दिला जातो. तो आता तितकासा निर्धास्तपणे देता येत नाही. स्विच २ बरोबर 'गेम-की कार्ड' नावाचा प्रकार आला. डबी तीच, कार्डाचा आकार तोच, पण कार्डात खेळ नसतो. ते घालून खेळ इंटरनेटवरून उतरवावा लागतो आणि नंतरही खेळताना कार्ड आत असावे लागते. असे कार्ड पुढे विकता येते, एवढाच त्याचा डाउनलोडपेक्षा अधिक लाभ. डबीच्या दर्शनी भागावर तशी सूचना छापलेली असते. वाढदिवसाची भेट म्हणून कार्ट्रिज घेणाऱ्या मामा-आत्यांनी ती वाचून घ्यावी, कारण ज्या घरात इंटरनेट मोबाइलच्या डेटावरच चालते तेथे पन्नास-साठ जीबी उतरवणे ही गंमत राहत नाही.

जुनी कार्ट्रिजे चिरंजीव आहेत असेही नाही. गेम बॉयच्या अनेक कार्ट्रिजांत खेळाडूची प्रगती एका नाण्याएवढ्या बॅटरीच्या आधारावर जपलेली असे. बॅटरी संपली की कार्ट्रिज चालते, पण त्यातील 'सेव्ह' पुसला जातो. ती बॅटरी बदलून देणारे कारागीर आहेत, मात्र बदलताना जुनी प्रगती वाचवायची असेल तर ती आधी संगणकावर उतरवून घ्यावी लागते.

खरी ठेव: सेव्ह

खेळ पुन्हा विकत घेता येतो. त्यातील प्रगती मात्र विकत मिळत नाही. कन्सोल बदलताना सर्वाधिक हळहळ कोणत्या गोष्टीची लागते, असे कोणत्याही जुन्या खेळाडूला विचारले तर उत्तर हेच येईल. आणि ही प्रगती नेमकी कोठे साठवली जाते, हे प्रत्येक कन्सोलगणिक वेगळे आहे. डीएसमध्ये ती कार्ट्रिजच्या आतच असे. कार्ट्रिज मित्राला दिले की प्रगतीही त्याच्याकडे गेली. पीएसपीत ती मेमरी स्टिकवर असे आणि संगणकाला जोडून तिची साधी प्रत काढता येई. आजवरच्या साऱ्या व्यवस्थांत ही सर्वांत सरळ. स्विचमध्ये प्रगती ना कार्ट्रिजमध्ये असते ना मायक्रोएसडी कार्डावर. ती फक्त कन्सोलच्या अंगच्या मेमरीत असते. पुष्कळ लोक जुन्यातील कार्ड काढून ठेवतात, सारे काही त्यावर आहे या समजुतीने कन्सोल पुसून विकतात, आणि मग त्यांच्या हाती राहतात फक्त डाउनलोड केलेल्या खेळांच्या फायली.

निन्टेंडोची सशुल्क ऑनलाइन सदस्यता घेतल्यास बहुतेक खेळांची प्रगती कंपनीच्या सर्व्हरवर आपोआप जपली जाते. बहुतेक, सगळ्या नव्हे. 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' हा खेळ २० मार्च २०२० रोजी, ऐन टाळेबंदीच्या तोंडावर आला आणि जगभर घराघरांत खेळला गेला. त्यात खेळाडूला एक बेट मिळते, तेथे तो घर बांधतो, झाडे लावतो, शेजारी जोडतो. पण एका कन्सोलवर बेट एकच. घरात दोन मुले असली तर दोघांनी त्याच बेटावर राहायचे, आणि बेटाचे मोठे निर्णय ज्याने आधी खेळ सुरू केला त्याच्याच हाती. या खेळाची प्रगती नेहमीच्या पद्धतीने सर्व्हरवरून उतरवता येत नाही. तिच्यासाठी 'आयलंड ट्रान्सफर टूल' नावाचे स्वतंत्र साधन आहे. ज्या घरात मोठ्या बहिणीसाठी नवा कन्सोल येतो आणि जुना धाकट्याला मिळतो, तेथे बेट कोणाबरोबर जाणार, हा प्रश्न आईवडिलांना वाटतो त्यापेक्षा बराच गंभीर असतो. एका रहिवाशाला वेगळे काढून नव्या बेटावर नेण्याची सोय आहे, परंतु मूळ बेट त्याच्यामागे जात नाही. हा निवाडा कन्सोल घरी येण्यापूर्वीच करावा.

पोकेमॉनचे उदाहरण याहून लांबचे आहे. २००२ मध्ये जपानमध्ये आलेल्या 'रूबी' आणि 'सफायर' या खेळांत पकडलेला प्राणी आजच्या कन्सोलपर्यंत आणता येतो, ही गोष्ट सांगितल्यास खोटी वाटते. वाट अशी: गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचे ते कार्ट्रिज डीएस किंवा डीएस लाइटच्या खालच्या खाचेत घालायचे आणि वरच्या खाचेत 'डायमंड' किंवा 'पर्ल'. तेथून प्राणी वर घेतला की त्याला 'ब्लॅक' किंवा 'व्हाइट'मध्ये न्यायचे, त्यासाठी दोन कन्सोल समोरासमोर लागतात. पुढे थ्रीडीएसवरील 'पोकेमॉन बँक' या सेवेत, आणि तिथून २०२० मध्ये सुरू झालेल्या 'पोकेमॉन होम'मध्ये. होममधून स्विचवरच्या नव्या खेळांत तो उतरतो, अर्थात त्या खेळात त्या जातीला स्थान असेल तरच. होमपर्यंतची प्रत्येक पायरी एकेरी आहे, परतीची वाट नाही. थ्रीडीएसचे दुकान बंद झाल्यापासून ज्याने बँक आधीच उतरवून घेतलेली नाही, त्याला ती नव्याने मिळत नाही. त्यामुळे शाळेत असताना जमवलेले ते प्राणी जपायचे असतील, तर ड्रॉवरमधला जुना थ्रीडीएस आणि डीएस लाइट हे भंगार नसून साखळीतील कड्या आहेत. असा कन्सोल कपाट आवरताना कोणी भंगारवाल्याला दिला, तर ती साखळी तेथेच तुटते.

स्विचवरून स्विच २ वर जाताना सगळ्यांत सुरक्षित मार्ग म्हणजे दोन्ही यंत्रे शेजारी ठेवून, दोन्ही चार्जरला लावून, नव्याच्या पहिल्या मांडणीच्या वेळी स्थलांतर करणे. जुना आधी विकून मग नवा घेणाऱ्यांसाठी सर्व्हरमार्गे पाठवण्याची सोय आहे, पण त्यात पाठवणी होताच जुना कन्सोल पुसला जातो. मधल्या काळात आपली प्रगती दुसऱ्याच्या गोदामात असते. पैशांची अगदीच निकड नसेल तर हा मार्ग टाळावा. आणि कोणत्याही मार्गाने गेले तरी प्रत्येक महत्त्वाचा खेळ नव्यावर एकदा उघडून, आपली प्रगती डोळ्यांनी पाहिल्याखेरीज जुना पुसू नये.

लगेच घ्यावा की थांबावे

हँडहेल्ड कन्सोलची पहिली आवृत्ती ही बहुधा शेवटची नसते. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या पडद्याला प्रकाशच नव्हता, तो २००३ च्या एसपी आवृत्तीत आला. डीएस आणि सुबक डीएस लाइट यांत सुमारे सव्वा वर्षाचे अंतर होते. पीएसपी सडपातळ व्हायला पावणेतीन वर्षे लागली. मूळ स्विचची बॅटरी अडीच ते साडेसहा तास चाले. २०१९ मध्ये त्याच किमतीत, जवळजवळ त्याच रूपात आलेल्या सुधारित स्विचची साडेचार ते नऊ तास. स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ चा, त्याची ओएलईडी आवृत्ती नोव्हेंबर २०२३ ची. सव्वा ते पावणेतीन वर्षे थांबणाऱ्याला काहीतरी अधिक मिळते, असे हा इतिहास सांगतो.

किमतीही पूर्वी उतरत. थ्रीडीएस मार्च २०११ मध्ये अमेरिकेत २५० डॉलरना आला आणि ऑगस्टमध्ये १७० वर उतरला. आधी घेणाऱ्यांची समजूत काढण्यासाठी कंपनीला वीस जुने खेळ मोफत वाटावे लागले. पण ते दिवस गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये निन्टेंडोने अमेरिकेत मूळ स्विचची किंमत चक्क वाढवली. आठ वर्षांचे यंत्र ३०० डॉलरवरून ३४० वर गेले. थांबल्यास अधिक चांगले यंत्र मिळेल, ही अपेक्षा रास्त आहे. थांबल्यास स्वस्त मिळेल, यावर मात्र विसंबू नये. सुधारित आवृत्ती सर्वच अंगांनी सुधारित असते असेही नाही. व्हिटाच्या २०१३ च्या आवृत्तीत मूळचा देखणा ओएलईडी पडदा जाऊन एलसीडी आला होता.

अंगच्या गुणांबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. स्विच २ चा पडदा ७.९ इंचांचा, अंगची साठवण २५६ जीबी, बॅटरी दोन ते साडेसहा तास. म्हणजे या एका बाबतीत ओएलईडी स्विचच्या मालकाला मागे यावे लागते. साठवण वाढवण्यासाठी 'मायक्रोएसडी एक्स्प्रेस' प्रकारचेच कार्ड लागते. जुन्या स्विचमधील साध्या कार्डावरची छायाचित्रे त्यात पाहता येतात, खेळ चालवता येत नाहीत. वजन ही दुकानात दोन मिनिटे हातात घेऊन न समजणारी गोष्ट आहे. स्विच लाइट सुमारे २७५ ग्रॅम, स्विच २ कंट्रोलरसह ५३४ ग्रॅम, मूळ स्टीम डेक ६६९ ग्रॅम. विरार लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभ्या असलेल्या माणसाला यांतले शेवटचे उपकरण बॅगेतून काढण्याची इच्छा होणार नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी लाइट हा आजही समंजस पर्याय आहे. त्याचा दोष एकच, कंट्रोलर सुटे होत नाहीत. जॉयस्टिक आपोआप सरकू लागली की सारा कन्सोल दुरुस्तीला द्यावा लागतो.

भारतात घेताना

मूळ स्विच भारतात अधिकृतपणे आला नाही आणि स्विच २ च्या जून २०२५ मधील पदार्पणाच्या देशांतही भारत नव्हता. स्टीम डेकचेही तेच. त्यामुळे येथे ते लॅमिंग्टन रोड किंवा तपकीर गल्लीतील आयात माल ठेवणाऱ्या दुकानांतून, ऑनलाइन विक्रेत्यांकडून, अथवा दुबई, सिंगापूर, अमेरिकेहून येणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून येतात. कंपनीची वॉरंटी सहसा ज्या देशात खरेदी झाली त्या देशापुरती असते. विक्रेता 'एक वर्षाची वॉरंटी' म्हणतो तेव्हा ती त्याची स्वतःची असते. ती बिलावर लिहून घ्यावी, आणि बिल द्यायला का-कू करणाऱ्याकडून पन्नास हजारांची वस्तू घेऊ नये. नातेवाइकाकडून मागवताना विमानतळावरील शुल्कमाफीची मर्यादा प्रवासापूर्वी पाहून घ्यावी. मर्यादेपुढच्या मूल्यावर सीमाशुल्क लागते आणि ते भरायची वेळ पाहुण्यावर येते.

जपानहून मागवणाऱ्यांनी विशेष सावध असावे. तेथे स्विच २ दोन प्रकारांत आला. ४९,९८० येनचा स्वस्त प्रकार फक्त जपानी भाषेत चालतो आणि त्याला जपानचेच निन्टेंडो खाते जोडता येते. सर्व भाषांचा प्रकार ६९,९८० येनचा. वीस हजार येन वाचवले म्हणून खूश होऊन आणलेला कन्सोल ज्याला जपानी येत नाही त्याच्या हातात शोभेची वस्तू ठरतो. खेळांच्या बाबतीत स्विचवर देशाचे बंधन नाही, कोठलेही कार्ट्रिज कोठेही चालते. थ्रीडीएसवर ते होते: अमेरिकेचा खेळ युरोपच्या यंत्रात चालत नसे. जुना थ्रीडीएस घेणाऱ्याने यंत्र आणि खेळ एकाच प्रदेशाचे आहेत ना, हे बघावे.

विजेचाही प्रश्न आहे. स्विच आणि स्विच २ चे अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, फक्त पिन बदलावी लागते. पण अमेरिकेत विकल्या गेलेल्या थ्रीडीएसचा चार्जर १२० व्होल्टचा असे. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये नुसती पिन बदलून लावला तर जळतो. अडॅप्टरच्या पाठीवरची बारीक अक्षरे भिंग घेऊन का होईना, वाचावीत.

वापरलेला कन्सोल घेताना विक्रेत्यासमोर तो इंटरनेटला जोडून कंपनीचे दुकान उघडते काय, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बेकायदा खेळ चालवल्याबद्दल निन्टेंडो कन्सोललाच ऑनलाइन सेवेतून बाद करते, आणि मालक बदलल्याने ती बंदी उठत नाही. पडदा कडेने किंचित उचललेला दिसला तर आत बॅटरी फुगलेली असण्याचा संभव असतो. सेटिंगमधील जॉयस्टिकच्या चाचणीत बोट न लावता खूण हलत असेल, तर किंमत त्या हिशेबाने पाडून मागावी. कार्ट्रिजची खाच आणि मेमरी कार्डाची खाच दोन्ही वस्तू घालून तपासाव्यात. विकणाऱ्यानेही आपले खाते कन्सोलवरून काढून, कार्ड बाजूला करून, मगच तो पुसावा.

आणि जुना विकायचा नसेल, ठेवूनच द्यायचा असेल, तर त्याची बॅटरी पूर्ण रिकामी करून ठेवू नये. निम्म्याच्या आसपास चार्ज करून, कोरड्या जागी ठेवावा आणि निदान सहा महिन्यांतून एकदा काढून चार्ज करावा. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा, इतके केले तरी पुरते.